नाव सापडलं, पण शेवट वाचला का? बुलढाणा जिल्ह्यात गुन्ह्याची नोंद कशी शोधायची, कशी मागायची

आजचा भाग थोडा कागदी आहे, पण ऐकून ठेवा. आज ना उद्या लागणारच.

पोलीस भरतीत नाव आलं की पडताळणी येते. कंपनीत जॉइन होताना एचआर पोलीस व्हेरिफिकेशन मागते. बहिणीचं स्थळ आलं की घरचे म्हणतात, 'पोराच्या नावावर काही केस-बिस नाही ना, जरा पाहा बरं, तू कॉम्प्युटरवाला ना.' भाडेकरू ठेवायचा असतो. गावात निवडणूक असते. प्रत्येक वेळी प्रश्न एकच असतो: अमक्याच्या नावावर काही आहे का? आणि तो अमका पुष्कळदा आपण स्वतःच असतो.

आधीच सांगतो, मी सॉफ्टवेअरवाला आहे, वकील नाही. कोर्टात काय बोलायचं ते वकिलालाच विचारा. पण नोंद कुठे असते, कोणत्या नंबरने सापडते आणि कुणाकडे मागायची, हे प्रत्येकाला समजेल असं आहे. तेवढंच आज बोलू.

एकच फाईल नसते

पहिला गैरसमज असा की आपल्या नावाची एक फाईल एसपी ऑफिसात असते आणि ती उघडली की सगळं कळतं. तुम्ही-आम्ही उघडू शकू अशी फाईल नाही. नोंदी वेगवेगळ्या कप्प्यांत असतात.

पहिला कप्पा पोलीस ठाण्याचा. तिथे एफआयआर असतो, म्हणजे प्रथम खबर. दुसरा कप्पा कोर्टाचा. तिथे खटला, आदेश आणि निकाल असतात. तिसरा पडताळणीचा, म्हणजे पोलीस तपासून जे चारित्र्य प्रमाणपत्र देतात ते. चौथा पोलिसांच्या स्वतःच्या कामाच्या रजिस्टरांचा, ज्यात हिस्ट्रीशीट येते. हा चौथा कप्पा लोकांसाठी नाहीच.

आजच्या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. एफआयआर म्हणजे गोष्टीची पहिली ओळ. कुणीतरी येऊन सांगितलं आणि पोलिसांनी ते लिहून घेतलं. शेवटची ओळ कोर्टात असते. पहिली ओळ मोबाईलवर दोन मिनिटांत सापडते, शेवटच्या ओळीसाठी थोडी पायपीट करावी लागते. म्हणून लोक पहिली वाचून थांबतात, आणि त्यात माणसांचं नुकसान होतं.

ठाण्याचा कागद

आता एफआयआर. तक्रार तुम्ही दिली असेल तर त्याची प्रत फुकट मिळणं हा तुमचा हक्क आहे. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७३ प्रमाणे ही प्रत तक्रार देणाऱ्याला किंवा पीडिताला विनामूल्य द्यायची असते. झेरॉक्सचे पैसेसुद्धा द्यायचे नसतात.

तुमच्याविरुद्ध एफआयआर असेल तरी प्रत मिळते. सुप्रीम कोर्टाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी यूथ बार असोसिएशनच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. आरोपीने किंवा त्याच्या वतीने कुणी अर्ज केला तर चोवीस तासांत प्रत द्यायची. त्याच निकालात आणखी एक आदेश आहे: नोंदवलेला एफआयआर चोवीस तासांत वेबसाईटवर टाकायचा. नेटवर्कची अडचण असेल तर जास्त मुदत. लैंगिक अत्याचार, पॉक्सो, दहशतवाद असे संवेदनशील गुन्हे यातून वगळलेले आहेत.

महाराष्ट्र पोलिसांचं नागरिकांसाठीचं पोर्टल आहे, सिटिझन डॉट महापोलीस डॉट गव्ह डॉट इन. तिथे प्रकाशित एफआयआरचा भाग आहे. जिल्हा बुलढाणा, मग पोलीस ठाणं, मग तारीख किंवा एफआयआर नंबर आणि वर्ष टाकायचं. पीडीएफ उतरते.

इथे आपल्या जिल्ह्याची एक गंमत आहे. तालुक्याचं नाव आणि ठाण्याचं नाव एकच असेल असं नाही. मोताळ्याचा माणूस यादीत 'मोताळा' शोधत बसतो, पण त्याचं ठाणं बोराखेडी. संग्रामपूरवाल्याने तामगाव पाहायचं. खामगाव आणि मलकापुरात शहरचं ठाणं वेगळं, ग्रामीणचं वेगळं. देऊळगावराजा तालुक्यात अंढेरा, सिंदखेडराजा तालुक्यात साखरखेर्डा, बुलढाणा तालुक्यात धाड, ही स्वतंत्र ठाणी आहेत. आपलं गाव कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येतं हे पोलीस पाटलाला विचारा, तो लगेच सांगेल. आणि शेगाव, नांदुरा, मलकापूर या मार्गावर रेल्वेत मोबाईल गेला असेल, तर तो मामला जिल्हा पोलिसांचा नाही, लोहमार्ग पोलिसांचा. यादीत त्यांची नोंद वेगळी असते.

दुसरं म्हणजे, नोंद घटना घडली तिथे शोधायची, माणूस राहतो तिथे नाही. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथे नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली. २५ प्रवासी गेले. घरचे लोक नागपूर, वर्धा, यवतमाळकडचे, आणि कागद आपल्या जिल्ह्यात. अशा वेळी अपघात न्यायाधिकरणात नुकसानभरपाई मागायची तर एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल हे सगळं ज्या हद्दीत अपघात झाला तिथून गोळा करावं लागतं. समृद्धी आपल्या जिल्ह्यातून जातो, त्यामुळे परगावच्या ओळखीच्या कुणावर ही वेळ आली तर त्याला आधी हे सांगा.

पोर्टलवर काय सापडणार नाही, तेही ऐका. एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, एफआयआरच्या यादीत येत नाही. तिची प्रत ठाण्यातूनच घ्यायची. मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद, तीही वेगळ्या रजिस्टरला असते. 'साहेब, मी पोलिसात केस केली होती' असं सांगणाऱ्याकडे हातात एनसीचा कागद असतो, हे नेहमीचं आहे. म्हणून कागदाच्या वरच्या कोपऱ्यात काय लिहिलंय ते आधी वाचा.

आणि तक्रार तुमची असेल तर अजून एक हक्क आहे. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं असतं. नव्या संहितेच्या कलम १९३ मध्ये ते लिहिलंय. कळवलं नसेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच नसेल तर उद्या अर्ज दिल्याचं दाखवायला तुमच्या हातात काही राहत नाही.

कोर्टाचा कागद

आता शेवटच्या ओळीकडे. एफआयआर झाल्यावर तपास होतो. त्यातून दोन वाटा निघतात.

एक, पोलीस दोषारोपपत्र दाखल करतात आणि खटला उभा राहतो. दोन, खटला उभाच राहत नाही. महाराष्ट्रात याला समरी म्हणतात. 'अ' समरी म्हणजे गुन्हा घडला, पण आरोपी सापडला नाही किंवा पुरावा नाही. 'ब' समरी म्हणजे तक्रार जाणूनबुजून खोटी. 'क' समरी म्हणजे गैरसमजातून दिलेली तक्रार, किंवा मामला मुळात दिवाणी, बांधाचा नाहीतर उसनवारीचा. मॅजिस्ट्रेटने समरी मंजूर केली की तो विषय तिथे थांबतो. पण वेबसाईटवर उतरलेला एफआयआर तसाच कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवर फिरत राहतो. त्याच्या पाठीमागे 'क समरी मंजूर' असा शिक्का नसतो.

खटला उभा राहिला असेल तर ई-कोर्ट्स. सर्व्हिसेस डॉट ईकोर्ट्स डॉट गव्ह डॉट इन, किंवा 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' हे ॲप. फुकट आहे. यात शोधायच्या तीन वाटा कामाच्या.

सर्वात पक्की वाट सीएनआर नंबरची. सोळा अक्षरी नंबर. आधी राज्य आणि जिल्ह्याची इंग्रजी अक्षरं, मग कोर्टाचा क्रमांक, मग केसचा अनुक्रमांक, शेवटी वर्ष. आमच्या धंद्यात याला प्रायमरी की म्हणतात. देशात एका केसला एकच. हा नंबर हाती लागला की गोंधळ संपला. लिहून ठेवा, घरच्यांना द्या.

दुसरी वाट एफआयआर नंबरची. राज्य, जिल्हा, कोर्ट संकुल निवडायचं, मग पोलीस ठाणं, एफआयआर नंबर, वर्ष. ठाण्याचा कागद हातात असेल तर कोर्टाच्या कागदापर्यंत पोचायचा हाच पूल.

तिसरी वाट नावाची. किमान तीन अक्षरं आणि वर्ष टाकायचं. पेंडिंग, डिस्पोज्ड, बोथ असे तीन पर्याय येतात. तिथे 'बोथ' निवडा. नाहीतर चालू केस दिसेल आणि निकाली निघालेली दिसणार नाही, किंवा उलट.

कोर्ट संकुल म्हणजे कोणत्या गावचं कोर्ट. शोध त्या संकुलापुरताच होतो. जिल्हा व सत्र न्यायालय बुलढाण्याला आहे, पण खामगाव, मलकापूर, मेहकर इथेही अतिरिक्त सत्र न्यायालयं बसतात. त्यामुळे शेगावच्या ठाण्यातला साध्या मारहाणीचा गुन्हा शेगावच्या कोर्टात दिसेल, पण खुनाच्या प्रयत्नाचा असेल तर तो सत्र न्यायालयाचा मामला, मग खामगावचं संकुल पाहा. एका ठिकाणी नाही दिसलं म्हणून 'काही नाही' असं म्हणू नका. आणि सत्र न्यायालयाच्या निकालावरचं अपील किंवा एफआयआर रद्द करायची याचिका असेल तर ती हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात.

केस उघडली की काय वाचायचं? 'आर.सी.सी.' म्हणजे मॅजिस्ट्रेटसमोरचा नियमित फौजदारी खटला, 'एस.सी.सी.' म्हणजे किरकोळ, संक्षिप्त खटला. खाली पुढची तारीख किंवा निकालाची तारीख आणि निकालाचा प्रकार. शेवटी आदेशांच्या पीडीएफ. निकालाची पीडीएफ असेल तर तिचं शेवटचं पान आधी वाचा. आरोपी निर्दोष सुटला की शिक्षा झाली, सगळं तिथे असतं.

एकाच नावाची माणसं

आता नावाच्या शोधाबद्दल जरा सावध करतो. डेटाबेसमध्ये आम्ही माणूस नावाने कधीच ओळखत नाही, कारण नाव युनिक नसतं. आपल्याकडे तर अजिबात नसतं. गजानन महाराजांचा जिल्हा आहे, एका गावात पाच गजानन निघतात. त्यात आडनाव तेच, वडिलांचं नावही कधीकधी तेच.

दुसरी अडचण स्पेलिंगची. पुण्याकडचा जाधव इंग्रजीत शेवटी 'व्ही' लावतो. आपल्या वऱ्हाडात बरेच जाधव शेवटी 'ओ' लावतात. गवई मधल्या अक्षराला कुणी 'डब्ल्यू' लावतं, कुणी 'व्ही'. वानखडे आणि वानखेडे, चव्हाण आणि चवहाण. ठाण्यातल्या ऑपरेटरने जसं ऐकलं तसं टाईप केलं. म्हणजे एकाच माणसाचं नाव तीन पद्धतींनी शोधावं लागतं, आणि एकाच पद्धतीने लिहिलेली तीन माणसं निघतात.

म्हणून नियम ठेवा. नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला नाही. वडिलांचं नाव, वय, गाव, ठाणं, यातल्या निदान तीन गोष्टी जुळल्याशिवाय पुढे बोलायचं नाही. आणि तो माणूस केसमध्ये आरोपी आहे की फिर्यादी की साक्षीदार, तेही पाहायचं. नावाच्या यादीत फिर्यादीचंही नाव येतं. ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाच लोकांनी चोर ठरवायला एवढं पुरेसं असतं.

नक्कल कशी मागायची

मोबाईलवरची पीडीएफ माहितीसाठी ठीक. भरतीत, व्हिसासाठी, दुसऱ्या कोर्टात दाखवायला प्रमाणित प्रत लागते. कोर्टाच्या भाषेत नक्कल. ती मिळते त्या कोर्टाच्या नक्कल विभागात.

छापील अर्ज असतो. केसचा प्रकार, नंबर, वर्ष, पक्षकारांची नावं, निकालाची तारीख आणि नेमका कोणता कागद हवा ते लिहायचं. 'सगळी फाईल द्या' लिहू नका. 'निकालपत्राची नक्कल' किंवा 'अमुक तारखेच्या आदेशाची नक्कल' असं लिहा. कोर्ट फी स्टॅम्प आणि पानांप्रमाणे शुल्क लागतं. केस जुनी असेल तर फाईल अभिलेख कक्षात गेलेली असते, शोधायला वेळ लागतो. जुन्या फाईलमधले बरेच कागद ठरावीक मुदतीनंतर नष्टही करतात. म्हणून निर्दोष सुटलात तर त्याच महिन्यात निकालाच्या दोन नकला काढून घरी ठेवा. सातबारा जपता तशी ती जपा.

ज्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली त्याला निकालाची प्रत फुकट मिळते. बाकी ज्याच्यावर निकालाचा परिणाम होतो त्याला शुल्क भरून मिळते. तुम्ही त्या केसमध्ये कुणीच नसाल तर मात्र कारण लिहून न्यायाधीशांची परवानगी मागावी लागते. कारण खरं आणि स्पष्ट असलं पाहिजे. 'सहज पाहायचं होतं' हे कारण नाही.

दोषारोपपत्राचं वेगळं आहे. ते आरोपीला फुकट मिळतं. पीडिताच्या बाजूने वकील असेल तर आता त्यालाही मिळतं. पण तिसऱ्या माणसासाठी ते वेबसाईटवर टाकायचं नाही. सौरव दास यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने २० जानेवारी २०२३ रोजी हेच सांगितलं: एफआयआरचा नियम दोषारोपपत्राला लागू होत नाही.

खर्च परवडत नसेल किंवा काय लिहायचं सुचत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, तालुक्याला विधी सेवा समिती असते. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतले लोक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. हेल्पलाईन १५१००.

माहिती अधिकार कधी वापरायचा?

सगळे म्हणतात, 'आरटीआय टाक'. टाका, पण योग्य ठिकाणी. कोर्टाच्या फाईलसाठी नको. सुप्रीम कोर्टाने ४ मार्च २०२० रोजी गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात सांगितलंय की कोर्टाचे कागद कोर्टाच्या नक्कल नियमांनीच मागायचे. शेजाऱ्याच्या नावावर किती गुन्हे आहेत, यासाठीही नको. खासगी माहितीचा अपवाद लावून ते नाकारतात, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने तो अपवाद आणखी घट्ट केलाय.

मग कशासाठी? तुमच्या स्वतःच्या अर्जाचं काय झालं, त्यासाठी. 'अमुक तारखेला अमुक ठाण्यात दिलेल्या माझ्या अर्जावर काय कारवाई झाली, त्या कागदांच्या प्रती द्याव्यात.' एवढं पुरे. महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांत असावा, फी १० रुपये, प्रतीचे पानाला २ रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. चुकीच्या कार्यालयात गेला तर पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं हे त्यांचं काम. उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, नंतर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे. आपल्यासाठी अमरावती खंडपीठ. तपास चालू असेल आणि माहितीने त्यात अडथळा येणार असेल तर नाकारू शकतात. पण नुसतं 'तपास सुरू आहे' पुरत नाही, अडथळा कसा येतो ते सांगावं लागतं.

भरतीवाल्यांनो, हे नीट ऐका

पहाटे ग्राउंडवर पळणारी पोरं जिल्ह्यात किती आहेत, तुम्हाला माहितीय. निवड झाल्यावर साक्षांकन नमुना भरायला देतात. त्यात विचारतात: कधी अटक झाली होती का, खटला चालला का, शिक्षा किंवा दंड झाला का. इथे तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा दंडाचा. पोळ्याला पारावर पत्ते खेळताना धाड पडली, जुगार कायद्याच्या १२ (अ) खाली केस झाली. तारखेला गेला, कुणीतरी सांगितलं 'कबूल कर, दंड भर, मोकळा हो'. दंड भरला. पोराला वाटतं केस मिटली. कागदावर मात्र तो दोषी ठरला. गुन्हा कबूल करून दंड भरणं म्हणजे दोषसिद्धी. तडजोड होण्यासारख्या गुन्ह्यात फिर्यादीशी तडजोड करणं वेगळं, त्याचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखा असतो. लोक दोन्हीला 'केस मिटवली' म्हणतात. कबुलीवर सही करण्याआधी वकिलाला एवढंच विचारा: यातून मी दोषी ठरणार का?

दुसरा खड्डा 'सरकारने मागे घेतला' याचा. लॉकडाऊनमध्ये जुन्या १८८ कलमाखाली राज्यभर गुन्हे नोंदले. नंतर सरकारने ते मागे घ्यायचं ठरवलं, पेपरात बातमी आली. पण बातमीने खटला संपत नाही. सरकारी वकिलाने कोर्टात अर्ज करावा लागतो आणि कोर्टाने परवानगी द्यावी लागते. जुन्या कायद्यात कलम ३२१, नव्यात ३६०. आंदोलनातल्या गुन्ह्यांचंही तसंच. तुमचं नाव अशा गुन्ह्यात असेल तर ई-कोर्ट्सवर केस उघडून पाहा, 'डिस्पोज्ड' दिसतंय का. दिसत असेल तर त्या आदेशाची नक्कल काढा.

तिसरा खड्डा लपवण्याचा. सुप्रीम कोर्टाने २१ जुलै २०१६ रोजी अवतार सिंग खटल्यात यावर सविस्तर सांगितलंय. सोप्या भाषेत सार असं. दिलेली माहिती खरी असली पाहिजे. खरं सांगितलं तरी नोकरी द्यायचीच असं बंधन मालकावर नाही, त्याला गुन्ह्याचं स्वरूप पाहून ठरवता येतं. गुन्हा किरकोळ असेल तर लपवल्याकडेही तो दुर्लक्ष करू शकतो. पण गंभीर बाबतीत लपवलं तर निवड जाऊ शकते. म्हणजे बऱ्याचदा मूळ केसपेक्षा 'नाही' लिहिणंच महागात पडतं. लिहायचं तर खरं लिहा आणि सोबत निकालाची नक्कल जोडा.

चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रासाठी राज्य पोलिसांची ऑनलाईन सेवा आहे, पीसीएस डॉट महाऑनलाईन डॉट गव्ह डॉट इन. अर्ज तिथे करायचा, तपासणी ठाण्यामार्फत होते. परदेशी जायला लागणारं पोलीस क्लिअरन्स मात्र पासपोर्ट सेवेतून निघतं. दोन्हींत गल्लत करू नका. आणि एजंटला पैसे देण्याआधी स्वतः एकदा साईट उघडून पाहा.

दुसऱ्याचं किती पाहायचं?

निवडणुकीला उभा राहिलेल्याचं बिनधास्त पाहा. सुप्रीम कोर्टाच्या २००२ च्या निकालापासून उमेदवाराला स्वतःवरचे खटले आणि शिक्षा शपथपत्रात लिहाव्या लागतात. आमदार-खासदारकीच्या उमेदवारांची शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या साईटवर मिळतात. तिथेही कलमं वाचा. आंदोलनातला गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा एका मापाने मोजू नका.

खासगी माणसाचं तेवढंच पाहा जेवढ्याशी आपला संबंध आहे. भाडेकरू असेल तर त्याच्याकडूनच पडताळणीचा कागद मागा. स्थळ असेल तर समोरासमोर विचारा. त्याने केस नंबर दिला तर निकाल पाहा. पीडीएफ गावच्या ग्रुपवर टाकू नका. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या ३५६ खाली गुन्हा आहे. बलात्कारातल्या पीडितेची ओळख उघड करणं ७२ खाली गुन्हा आहे. आणि अठराच्या आतल्या मुलाची नोंद तर उघड करायचीच नसते, बाल न्याय कायदाच तसं सांगतो.

शेवटी तो चौथा कप्पा, हिस्ट्रीशीट. अमानतुल्ला खान खटल्यात ७ मे २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा पोलिसांचा अंतर्गत कागद आहे, लोकांना वाटायचा नाही. दुर्बल समाजातल्या निरपराध लोकांची नावं नुसत्या पूर्वग्रहाने त्यात घालू नयेत, हेही सांगितलं. आपल्या वऱ्हाडाला याचा अर्थ वेगळा समजवायला नको. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला. अशा कायद्याने माणूस जन्मताच सरकारी रजिस्टरात संशयित म्हणून चढायचा. कायदा १९५२ मध्ये गेला. पण आजही चोरी झाली की गावात पहिला संशय पारधी तांड्यावर जातो. एफआयआर नाही, दोषारोपपत्र नाही, निकाल तर नाहीच, तरी माणूस 'रेकॉर्डवरचा'. नोंद वाचायची शिस्त लागते ती यासाठी. नोंद वाचता न येणाऱ्या गावात अफवाच रेकॉर्ड होते.

तर मंडळी, थोडक्यात. घटना घडली ते ठाणं शोधा. एफआयआर नंबर घ्या. त्यावरून ई-कोर्ट्सवर सीएनआर काढा. निकालाचं शेवटचं पान वाचा. स्वतःचं असेल तर नक्कल काढून ठेवा. दुसऱ्याचं असेल तर शेवट वाचल्याशिवाय तोंड उघडू नका.

भरतीला उतरलेला एखादा मित्र असेल तर त्याला हा भाग नक्की पाठवा. फॉर्म भरायच्या आधी ऐकेल असं बघा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.